खवल्या मांजराची अंगठी



मी पाटोद्याची. बालाघाटच्या डोंगररांगेतलं, बीड जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. मांजरा नदी आमच्याच तालुक्यात उगम पावते आणि सौताड्याचा धबधबा बघायला पावसाळ्यात लांबलांबून माणसं येतात. एरवी मात्र हा मुलूख माळाचा, कुसळांचा आणि ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांचा. अशा गावात आमचं सोन्याचांदीचं छोटं दुकान आहे. पुढे काचेचं एक कपाट आणि मागे आठ बाय दहाची खोली. त्या खोलीत ऐरण, हातोड्या, कानशी, चिमटे, फुंकणी आणि एक जुनी लाकडी पेटी. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या खोलीत चाळीस वर्षं मांडी घालून बसले. भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला, अण्णांची नजर अधू झाली, आणि बारीक डाख लावायला त्यांच्या शेजारी मी बसू लागले. आज अण्णा नाहीत. त्यांच्या जागेवर मी बसते.

आज मला बोलायचं आहे ते दागिन्यांतल्या प्राण्यांविषयी. विषय हौसेचा वाटेल. मलाही आधी तसाच वाटायचा. पण एका अंगठीनं मला त्याची दुसरी बाजू दाखवली, तिथूनच सुरुवात करते.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एक आजोबा दुकानात आले. आमचं जुनं गिऱ्हाईक. मुलींच्या लग्नातली जोडवी, नातवंडांचे वाळे, सगळं आमच्याकडचं. त्यांनी कनवटीची चिंधी सोडली आणि त्यातून नखाएवढ्या जाडीचा, पिंपळपानासारखा एक तुकडा काढून माझ्या समोर ठेवला. भुरा, शिंगासारखा कडक, वर बारीक रेघा.

“ताई, एवढं चांदीच्या अंगठीत बसवून द्या.”

“काय आहे हे, आजोबा?”

“खवल्या मांजराचं खवलं. मूळव्याधीला रामबाण हाय म्हणत्यात. तुमच्या अण्णांनी माझ्या बापाला अशीच करून दिली व्हती.”

मी नाही म्हटलं. कायद्यानं गुन्हा आहे, असं सांगितलं. आजोबांनी तुकडा पुन्हा चिंधीत बांधला, पायात चपला सरकवल्या आणि जाताना एवढंच म्हणाले, “अण्णा आसते तर नाही म्हनले नसते.” त्यानंतर ते बरेच दिवस आमच्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

त्यांचं शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणूनच ते माझ्या मनात रुतून बसलं. अण्णा नाही म्हणाले नसते. लहानपणी मी त्यांना वाघनखाला चांदीचं कोंदण करताना पाहिलं होतं. कुणी हत्तीच्या केसाची अंगठी मढवायला आणायचं, कुणी सायाळीचा काटा. ते सगळं आमच्या धंद्याचाच भाग होतं. अण्णा देवभोळे, मुंगीला साखर घालणारे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा, पण तो आमच्या ऐरणीपर्यंत पोचायला फार वर्षं लागली.

आपल्या दागिन्यांत प्राणी काही नवे नाहीत. तुम्ही आत्ता बसल्या जागी घरातल्या बायकांच्या अंगावरचे दागिने आठवून बघा. पायाच्या बोटांत मासोळ्या, नाकात मोरणी. जुन्या काळच्या खोप्यावर सोन्याचा नाग. कोल्हापुरी साजाच्या पानांत मासा, कासव, नाग, भुंगा आणि वाघनखसुद्धा. नुसती नावं घेतली तरी अंगावर अर्धं रान उतरतं. बाकीचं अर्धं शेतातून येतं. बोरमाळ, जवमाळ, पोहेहार, चिंचपेटी ही सगळी शेताशिवाराची लेणी. आपल्या बायकांनी भोवतालचं जग असं अंगावर मिरवलं आहे.

पण त्यातले प्राणी जरा निरखून पाहा. मासा आणि कासव म्हणजे विष्णूचे अवतार. नाग शंकराच्या गळ्यातला. मोर सरस्वतीचा आणि कार्तिकेयाचा. ज्याला देवाजवळ जागा मिळाली त्याला दागिन्यात मिळाली. बाकीच्यांचं काय? टिटवी रात्री ओरडली की अशुभ. घराजवळ पिंगळा बोलला की बायका मीठमोहऱ्या शोधतात. सरडा तर पोरांनी दगड मारायचाच प्राणी. आणि खवल्या मांजर हे बहुतेकांनी जिवंत कधी पाहिलेलंच नसतं. ते आपल्याला ठाऊक असतं ते फक्त खवल्याच्या रूपात.

आजोबा गेल्यावर मी त्या प्राण्याची माहिती शोधायला लागले. नावात मांजर असलं तरी ते मांजर नव्हे. अंगभर खवले असलेला हा जगातला एकमेव सस्तन प्राण्यांचा गट. तोंडात एकही दात नाही. लांबलचक चिकट जीभ वारुळात घालून मुंग्या आणि वाळवी खाऊन जगतं. एका वेळी बहुधा एकच पिल्लू. त्याचे खवले जन्मताना मऊ असतात. आई त्याला आपल्या शेपटीच्या बुडाशी, पाठीवर बसवून हिंडते आणि धोका दिसला की त्याला पोटाशी घेऊन स्वतःचं वेटोळं करते. वाघालाही ते वेटोळं सहजी उकलत नाही. माणूस मात्र ते सहज उचलून पोत्यात टाकतो. ज्या सवयीनं ते लाखो वर्षं तगलं, तीच सवय त्याला आता नडते आहे. आणि ज्या खवल्यासाठी हे सगळं चालतं, तो खवला कशाचा बनलेला असतो? केराटिनचा. म्हणजे आपली नखं आणि केस ज्याचे बनतात त्याचाच. मूळव्याध जायची तर आपलंच कापलेलं नख अंगठीत घालून गेली असती.

२०१६ साली जगातल्या देशांनी एकत्र येऊन खवल्या मांजराच्या सगळ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद केला. आपल्याकडे ते कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला. इकडे कोकणात चिपळूण भागात तर त्याच्या रक्षणासाठी गावकरी पुढे आले, त्याच्या नावानं उत्सव झाला. हे वाचलं आणि वाटलं, आपण नुसतं ‘नाही’ म्हणून हात झटकले. सोनार म्हणून आपण दुसरं काही देऊ शकत होतो का?

त्या रात्री वेटोळं केलेल्या खवल्या मांजराचं एक छायाचित्र समोर ठेवून बसले होते. बघता बघता लक्षात आलं की याला अंगठी करायची गरजच नाही. हे मुळातच अंगठीच्या आकाराचं आहे. डोकं आत, शेपटी त्यावरून फिरवलेली. बोटाभोवती ते स्वतःच वेटोळं घालून बसेल.

मग कामाला लागले. आधी मेणात करून बघितलं. मेणाचा नमुना करून त्यावर माती चढवायची, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, ही पद्धत आपल्याकडे फार जुनी. पण ओतलेल्या अंगठीत खवले नुसते कोरल्यासारखे दिसत होते. उचलून धरावेत असे वाटत नव्हते. म्हणून ठरवलं की एकेक खवला चांदीच्या पत्र्यातून कापायचा आणि डाखानं जोडायचा. पहिले दोन दिवस मी डोक्याकडून सुरुवात केली. दहाबारा खवले लावले आणि अडकले. पुढच्या खवल्याचं टोक मागच्या खवल्यावर बसायला हवं, ते आत शिरायला जागाच उरेना. आई दारात बसून तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, “काय करतीस एवढं?” मी सांगितलं. ती सहज म्हणाली, “मग कौलं कशी लावतात? वळचणीकडनं आढ्याकडं. वरनं लावत आलं तर कशी बसतील?”

मी सगळं उतरवलं आणि शेपटीकडून डोक्याकडे लावत आले. काम सरळ झालं. दर वेळी नवा डाख लावताना आधीचा उष्णतेनं सुटू नये म्हणून त्याला गेरूचा लेप द्यावा लागे. खऱ्या खवल्या मांजराच्या अंगावर दीडशेच्या वर खवले असतात, माझ्या अंगठीत चव्वेचाळीस बसले. शेवटी प्रत्येकाची कड कानशीनं गोल केली, कारण पदराचा धागा ओढणारी अंगठी बाई दुसऱ्या दिवशी डब्यात टाकते. गंधकाच्या पाण्यात बुडवून काळपट केली आणि उंचवटे घासून उजळ केले. आठ ग्रॅम चांदी आणि सहा दिवसांचं काम.

सांगायचं म्हणजे, त्या सहा दिवसांत मी खवल्या मांजर जेवढं पाहिलं तेवढं आमच्या घरातलं खरं मांजरही कधी पाहिलं नव्हतं. खवला कोंदणात बसवायला त्या प्राण्याकडे बघावं लागत नाही. त्याच्यासारखं काही घडवायचं तर मात्र बघितल्याशिवाय सुटकाच नसते. ते कुठं वळतं, कुठं दुमडतं, घाबरल्यावर काय झाकतं, हे हाताला कळावं लागतं.

ही काही माझीच शोधून काढलेली गोष्ट नाही. आमच्या शेजारच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाची उजाड जागा आहे. तिथं १९७४ साली एका शेतकऱ्याला झुडपाची मुळी खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ. चारही मिळून साठ किलोंहून अधिक वजन. हजारो वर्षांपूर्वीचं काम. पुस्तकातली त्यांची छायाचित्रं मी अनेकदा पाहिली आहेत. गेंडा चांगलाच जाडजूड, पण ओतणाऱ्यानं त्याच्या कातडीच्या वळ्या विसरलेल्या नाहीत. आणि रथाच्या दांडीवर, हाकणाऱ्याच्या पुढे, एक छोटा कुत्रा उभा आहे. रथ त्या कुत्र्याशिवायही पूर्ण झाला असता. तरी कारागिरानं तो घातला, कारण त्यानं तो पाहिलेला असणार. मळ्यात जाताना आमच्याकडच्या बैलगाडीवरही कुत्रं असंच उभं राहतं.

साता समुद्रापलीकडे पॅरिसमध्ये सव्वाशे वर्षांपूर्वी रने लालीक नावाचा जवाहिऱ्या होऊन गेला. हिरेमाणकांच्या गर्दीत त्यानं चतुर, गांधीलमाश्या, टोळ, वटवाघळं यांचे दागिने केले. तोवर सुंदर म्हणून ज्यांच्याकडे कुणी बघितलं नव्हतं, ते प्राणी त्यानं श्रीमंत बायकांच्या गळ्यात नेऊन बसवले. त्याच्याकडे मीनाकारी होती, रत्नं होती. माझ्याकडे चांदी, गंधक आणि आमचा माळ.

तर अंगठीनंतर मी माळाकडे निघाले. पहिली टिटवी. तिला घरटं असं नसतंच. उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये चार अंडी घालते, आणि ती अंडी खड्यांत अशी मिसळतात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. म्हणून तर ती ओरडते. रात्री ओरडते ते कुणाच्या मरणासाठी नव्हे, आपल्या पिल्लांच्या जगण्यासाठी. आमच्याकडचे म्हातारे शेतकरी टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस बरा होणार असं म्हणतात. तिचे मी डूल केले. लांब पाय खाली लोंबणारे, चालताना हलणारे.

मग पिंगळा. माणूस दिसला की हा एवढासा पक्षी मान खाली-वर करतो, डोळे वटारतो, जणू आपल्यालाच जाब विचारतो आहे. त्याची कानातली करताना एकाची मान सरळ आणि दुसऱ्याची किंचित कललेली ठेवली. कॉलेजच्या एका मुलीनं ती घेतली. तिची आजी दुसऱ्या दिवशी परत करायला आली. “घरात घुबड आनलंस व्हय!” म्हणून नातीला ओरडली होती. मी पैसे परत दिले. महिन्यानं ती मुलगी पुन्हा आली, तेव्हा आजीच सोबत होती. म्हणाली, “हिच्या कानात ते बेनं लई गोड दिसत होतं. द्या.”

सरड्याची गोष्ट तर सगळ्यात मजेची. दख्खनच्या माळावर एक सरडा असतो. एरवी मातीच्या रंगाचा, दिसतही नाही. पण उन्हाळ्यात नर दगडावर चढतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो. निळा, काळा, नारिंगी असे रंग झळकतात आणि मिटतात. २०१६ साली शास्त्रज्ञांनी या सरड्यांचं एक नवं कुळ नोंदवलं आणि त्याला नाव दिलं ‘सरडा’. आपला मराठी शब्द, जगाच्या शास्त्रात कायमचा. त्यातली एक जात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरची. त्या पठारावर पवनचक्क्या आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की पवनचक्क्यांमुळे तिथं शिकारी पक्षी कमी झाले आणि सरडे वाढले. आमच्या तालुक्यातल्या माळांवरही आता पवनचक्क्या फिरतात. गळ्यात पंखा मिरवणारा सरडा आमच्या पोरांनाही ठाऊक आहे, दगड मारण्यापुरता. त्याचं मी पदक केलं. पंखा मीनाकारीचा, बिजागरीवर. बोटानं ढकलला की उघडतो. ते पदक गावात कुणी घेतलं नाही. पण दुकानात येणारं प्रत्येक पोर ते उघडून-मिटून बघतं. मला तेवढं पुरे आहे.

आता मोराचं सांगते, कारण आमच्या तालुक्यात मोर टाळून चालत नाही. नायगावचं मयूर अभयारण्य आमच्याच तालुक्यात आहे. १९९४ साली ते जाहीर झालं, क्षेत्र सुमारे तीस चौरस किलोमीटर. पाटोद्याला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मोराचा दागिना हवा असतो आणि तो पिसारा फुललेलाच हवा असतो. निळी-हिरवी मीनाकारी केली की खपतो. पण खरं सांगू? मोराच्या पिसात निळा रंग नसतोच. पिसाच्या आत काळसर कणांची अतिबारीक जाळी असते, तिच्यावरून उजेड परततो आणि आपल्याला निळा-हिरवा दिसतो. म्हणून तर मान वळली की रंग बदलतो. मीनाकारीचा निळा तसाच्या तसा राहतो. मी पुढे मोर करताना रंग सोडला. पांढऱ्या चांदीवर बारीक रेघा मारल्या आणि रंगाचं काम उजेडावर सोपवलं.

आणि मोराबरोबर लांडोरही केली. मोर नाचून मोकळा होतो. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं, सगळं लांडोरीकडे. तिला पिसारा नाही, म्हणून तिचा दागिना नाही. मी तीन पिल्लं मागे चालत असलेली लांडोर केली, साडीच्या पदराला लावायची पिन म्हणून. दोन वर्षं ती कपाटात पडून होती. एके दिवशी ऊसतोडीवरून परतलेली एक बाई पैंजण मोडायला आली. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास माणसं कारखान्याला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. दागिना म्हणजे त्यांची बँक. उचल फिटली की घेतात, अडलं की मोडतात. तिनं पैंजणाचे पैसे मोजून घेतले आणि जाता जाता ती पिन बघून थांबली. “तीन हायेत,” ती म्हणाली. “माझेबी तीनच हायेत.” तिला ती पिन घेणं शक्य नव्हतं. ‘घेऊन जा’ असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मोडीच्या पैशांवर उपकाराचं ओझं ठेवू नये, ही अण्णांची शिकवण. पुढच्या वर्षी ती परत आली आणि तिनं ती विकत घेतली. तोवर मी ती दुसऱ्या कुणाला दिली नव्हती, एवढंच मी केलं.

धंद्याचंही सांगायला हवं, नाहीतर हे सगळं गोड गोड वाटेल. गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, “मोड किती येईल?” चव्वेचाळीस खवल्यांच्या अंगठीची मोड आठ ग्रॅम चांदीचीच येते, सहा दिवसांची येत नाही. २०२५ साली चांदी किलोला लाखाच्या पुढे गेल्यापासून लोक मजुरीला आणखी काचकूच करतात. ठशातून निघालेला माल स्वस्त पडतो. हुपरीचे पैंजण मीही विकते आणि दुकान त्यावरच चालतं. माझे प्राणी महिन्याला चारदोन जातात. पुण्या-मुंबईकडून चौकशी येते ती बहुतेक याच प्राण्यांसाठी.

आता मला ज्यासाठी आज इथं यावंसं वाटलं, त्या गोष्टीकडे येते.

अण्णा गेल्यानंतर त्यांची लाकडी पेटी मी पूर्ण कधी उपसली नव्हती. आजोबा येऊन गेल्यानंतर एकदा उपसली. तळाशी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन खवले आणि एक वाघनख निघालं. कुणीतरी मढवायला दिलं असेल आणि न्यायला आलं नसेल. मी बराच वेळ ते हातात घेऊन बसले. ज्याला मी ‘कायद्यानं गुन्हा आहे’ म्हणून परत पाठवलं, त्या आजोबांकडे एक खवला होता. माझ्या घरात तीन होते.

२००३ साली केंद्र सरकारनं लोकांना अशा वस्तू जाहीर करण्याची मुदत दिली होती. ती आमच्या कानावरही आली नव्हती. आता गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षांची कैद. २०२३ मध्ये कर्नाटकात दूरचित्रवाणीवरच्या एका स्पर्धकाला गळ्यातल्या वाघनखावरून अटक झाली, ती बातमी तुम्हीही वाचली असेल. आई म्हणाली, “विहिरीत टाक अन् मोकळी हो. मेलेल्या मानसाचं नाव कशाला कागदावर आनतीस?” तिचं म्हणणं मला कळत होतं. अण्णांनी आयुष्यभर तोळामासाची लबाडी केली नाही. त्यांचं नाव वन खात्याच्या कागदावर गुन्ह्याच्या वस्तूंबरोबर लिहिलं जाणार, या विचारानं मलाही रात्र रात्र झोप आली नाही. आणि मला अटक झाली तर दुकानाचं काय, आईचं काय, हाही प्रश्न होताच.

शेवटी ओळखीच्या वकिलांना गाठलं. त्यांच्या सांगण्यावरून अर्ज लिहिला आणि चारही वस्तू नेऊन दिल्या. टेबलापलीकडच्या साहेबांनी विचारलं, “कुणाच्या?” मी म्हटलं, “माझ्या वडिलांच्या पेटीत सापडल्या.” ते थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी पंचनामा केला, माझी सही घेतली आणि पोच दिली. मला पुढे दोनदा बोलावलं, जबाब घेतला आणि प्रकरण तिथं मिटलं. प्रत्येकाचं असं मिटेलच असं मी सांगत नाही. म्हणून आधी वकिलाला विचारा, एवढंच सांगते. पण घरात असलं काही असेल तर ते विकू नका, कुणाला देऊ नका, मढवू तर मुळीच नका.

आई चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी तिनं कपाटातली खवल्या मांजराची अंगठी मागितली, बोटात घालून बघितली आणि म्हणाली, “त्यांना आवडली असती. कौलांचं कुनी सांगितलं तेबी सांगितलं असतंस त्यांना.”

आणि ते आजोबा? ते आले. जवळजवळ दोन वर्षांनी, नातीच्या वाळ्यांसाठी. नात असेल पाचेक वर्षांची. तिनं काचेतून अंगठीकडे बोट दाखवलं. आजोबांनी अंगठी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, खवल्यांवरून अंगठा फिरवला.

“चांदीचंच खवलं?”

“चांदीचंच.”

“ह्यानं मूळव्याध जाती का?”

“नाही जात, आजोबा. त्याला डॉक्टरकडे जायला हवं.”

“मग काय उपेग?”

मला पटकन उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात नातीनं विचारलं, “हे काय हाय?” मी तिला सांगितलं की हे एक जनावर आहे, त्याला दात नाहीत, ते मुंग्या खातं आणि भीती वाटली की पिल्लाला पोटाशी घेऊन गोल होतं. पोरीनं दुकानाच्या फरशीवर तिथल्या तिथे गुडघे पोटाशी घेतले, डोकं खुपसलं आणि विचारलं, “आसं?”

आजोबा हसले. अंगठी त्यांनी परत ठेवली. घेतली नाही. वाळ्यांचे पैसे देऊन निघाले. पण दारातून मागे वळून म्हणाले, “ते चिंधीतलं आजून घरीच हाय. काय करू त्याचं?”

मी त्यांना बसायला सांगितलं आणि चहा मागवला.

श्रोतेहो, तुम्हाला प्राण्यांची आवड असेल, तर तुमच्या गावच्या सोनाराला एकदा सांगून बघा, की मला माझ्या शिवारातला एखादा प्राणी करून दे. मुंगूस सांगा, रानससा सांगा, खोकड सांगा. तो आधी हसेल. मग विचारेल, “कसं असतं ते? शेपटी कशी असते?” तेव्हा तुम्हालाही ते नीट बघून यावं लागेल. दागिना होवो न होवो, तेवढं बघणं तरी होईल.



(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)